एक्स्पर्ट नसताना प्रोग्रॅमिंग युजर ग्रुपमध्ये टॉक द्यावा का?

बिनधास्त द्या, एक्स्पर्टच पाहिजे असं काही नसतं. बऱ्याच ग्रुपमध्ये लायटनिंग टॉक असतात, साधारण 5 मिनिटांचे, तिथून सुरुवात करा. विषय मात्र एकदम छोटा घ्या, ‘पायथॉनची ओळख’ वगैरे नको, त्यापेक्षा पायथॉनमध्ये फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये (म्हणजे कॉल करताना काही दिलं नाही तर आपोआप वापरली जाणारी व्हॅल्यू) रिकामी लिस्ट दिली की ती दर कॉलला नवीन बनत नाही, आधीच्या कॉलला टाकलेलं सगळं तिच्यात तसंच राहतं, एवढंच जरी चार ओळींचा कोड चालवून दाखवलंत ना तरी लोक सरसावून बसतात आणि प्रश्न सुरू होतात. टर्मिनलचा फॉन्ट मोठा करा, शेवटच्या रांगेतून स्वतः वाचून बघा, आणि नेट गेलं तरी चालेल असा डेमो ठेवा (हे हमखास राहून जातं). स्लाइड्सचं टेन्शन नको. चालू असलेलं काम दाखवलंत तरी छानच, 1975 ला कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या होमब्रू कंप्युटर क्लबमध्ये ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकने ॲपल 1 हा कंप्युटर असाच मेंबर्सना आणून दाखवला होता, सर्किटचे आराखडेसुद्धा फुकट वाटले होते. आणि टॉक झाला की लगेच निघू नका, जे सगळ्यांसमोर विचारायला लाजतात ते नंतरच येऊन बोलतात.