‘इझिली’ कुठेही ठेवा, ‘पाहिजे’कडे मात्र नीट पाहा

प्रश्न असा आहे. पुतणीने दहावीच्या सराव परीक्षेत ‘धिस कॅन बी इझिली डन’ लिहिलं. बाईंनी लाल शाईचा बाण काढून ‘इझिली’ला ‘बी’च्या आधी नेऊन बसवलं आणि अर्धा गुण कापला. बरोबर कोण? आणि जाता जाता, याचं मराठी ‘हे सहजपणे केले जाऊ शकते’ असंच ना?

पहिल्याचं उत्तर: दोघीही बरोबर. अर्धा गुण परत मागा.

‘कॅन बी डन’मध्ये क्रियाविशेषण शिरायला दोन फटी आहेत, ‘कॅन’नंतर एक आणि ‘बी’नंतर एक. ‘इझिली’ दोन्हीकडे सुखाने नांदतं. सगळीच क्रियाविशेषणं इतकी गरीब नसतात. ‘द फॉर्म शुड बी क्लीअरली फिल्ड’ म्हणजे अर्ज वाचता येईल अशा अक्षरात भरा. ‘द फॉर्म शुड क्लीअरली बी फिल्ड’ म्हणजे अर्ज भरायलाच हवा, यात शंका ती काय! अक्षर कसंही काढा. ‘प्रॉबेब्ली’ला साधारणपणे पहिलीच फट लागते. अर्थ बदलत असेल तर जागेवरून भांडा, नसेल तर सोडून द्या.

बाईंचा बाण आला कुठून, याचा मला अंदाज आहे. ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घुसवू नये, अशी एक सोवळी समजूत इंग्रजीत आहे. ती ऐकून ऐकून काही जणांना क्रियापदाच्या तुकड्यांमध्ये काहीही दिसलं की घाम फुटतो. इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच अशांची फिरकी घेतली होती: ‘टु रिअली बी अंडरस्टुड’मध्ये फूट आहे, ‘टु बी रिअली अंडरस्टुड’मध्ये ती नाहीच. पुतणीच्या वाक्यात तर ‘टु’ औषधालाही नाही.

आता दुसरा प्रश्न. तो तुम्ही जाता जाता विचारलात आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

‘केले जाऊ शकते’! परवा पाककृतीच्या एका व्हिडिओत ऐकलं, ‘यात तुम्ही कोथिंबीरसुद्धा घातली जाऊ शकते.’ तुम्ही घातली जाऊ शकते? मी कढईत? माझी आजी म्हणाली असती, ‘कोथिंबीर घातली तरी चालेल.’ संपलं. ‘किया जा सकता है’ उचलून त्यावर मराठीचा रंग फासला की ‘केले जाऊ शकते’ तयार होतं. ‘चोर पकडला जाऊ शकतो’ इथे ते मला चालतं, कारण पकडलं जाणं ही चोरावर ओढवणारी गोष्ट आहे. कोथिंबिरीवर कसलं संकट आलंय? ‘हे सहज करता येतं’ म्हणा, ‘सहज होईल’ म्हणा. ‘सहजपणे’मधला ‘पणे’ही काढा, ‘सहज’ एकट्याने काम करतं. अंगातल्या ताकदीचा प्रश्न असेल तर आपल्याकडे खास क्रियापदं आहेत: ‘आजीला आता जिना चढवत नाही.’ शाळेत शक्य क्रियापद म्हणून पाठ केलं आणि शाळेतच ठेवून आलो.

पण मला खरं बोलायचंय ते ‘पाहिजे’बद्दल. तुमच्या प्रश्नात तो शब्द नाही, हे मान्य. पण कर्मणी रूप आणि त्यात ‘करायला हवं’, ‘करता येईल’ अशी छटा, हे इंग्रजीतून आणावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या तोंडात ते दिवसातून पन्नास वेळा असतं.

शालेय व्याकरण ‘पाहिजे’ला ‘आहे’, ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ यांच्या ओळीत अनियमित म्हणून बसवतं आणि हात झटकतं. कसलं अनियमित! संस्कृतातल्या कर्मणीचा ‘य’ (क्रियते, दृश्यते) प्राकृतात ‘इज्ज’ झाला, ‘करिज्जइ’सारखा. जुन्या मराठीत त्याचा ‘इजे’ झाला: कीजे, बोलिजे, म्हणिजे. ‘म्हणिजे’ म्हणजे ‘म्हटलं जातं’. आपलं ‘म्हणजे’ ते हेच. आणि ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिलं जातं’. इतकं नियमित रूप, फक्त त्याची भावंडं मेली आणि हे एकटं मागे राहिलं.

पुरावा रोजच्या वापरात आहे. ‘मला चार आंबे पाहिजेत.’ क्रियापद आंब्यांमागे जातं, माझ्यामागे नाही. ‘पाहिजेल’ म्हणणाऱ्यांनाही हसू नका. आतलं कर्मणी विसरलं गेलं, म्हणून लोक त्याला बहुधा भविष्यकाळाचा ‘ल’ जोडायला लागले.

‘पाहिलं जातं’पासून ‘हवं आहे’पर्यंत शब्द पोचला कसा? माझं म्हणणं असं की तो ‘शोधणे’ या अर्थावरून आला. आपण मुलीसाठी स्थळ पाहतो, भाड्याने खोली पाहतो, पुतण्याला नोकरी पाहतो. यातलं काहीही डोळ्यांसमोर नसतं. नसतं म्हणूनच पाहतो! जे नाही ते पाहिलं जातं, आणि जे पाहिलं जातं ते हवं असतं. एका जाणकार स्नेह्यांना हे ओढूनताणून वाटतं. त्यांच्या मते आधी ‘पाहण्याजोगं, योग्य’ असा अर्थ झाला आणि मग ‘आवश्यक’. मी त्यांना इतकंच विचारतो, खोली पाहणारा माणूस खोलीकडे योग्य म्हणून टक लावून बसलेला असतो का?

आणि शेजारी बघा. गुजरातीत ‘पाहणे’ला ‘जोवुं’, आणि ‘मने दूध जोइए छे’ म्हणजे मला दूध पाहिजे. धातू पूर्ण वेगळा, वाट तीच: पाहिलं जातं, म्हणून हवं. हिंदीतलं ‘चाहिए’सुद्धा मुळात असंच जुनं कर्मणी, फक्त तिथे धातूच ‘चाहना’, त्यामुळे गंमत कमी.

‘केलं पाहिजे’ची जुळणीही बघण्यासारखी आहे: आधी ‘केलं’ हे झालेल्या कामाचं रूप, मग ‘पाहिजे’. काम झालेलं हवं. इंग्रजी प्रमाणभाषेला इथे ‘नीड्स टु बी वॉश्ड’ असा वळसा घ्यावा लागतो. पण स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या बाजूला लोक सरळ ‘द कार नीड्स वॉश्ड’ म्हणतात. गाडी धुतली पाहिजे. शब्दाला शब्द! बाईंनी तिथेही लाल बाण काढला असता.

‘करावे’चंही कुळ असंच आहे, संस्कृत ‘कर्तव्य’मधल्या ‘तव्य’चं. म्हणून ‘त्याने करावे’मध्ये ‘तो’ नाही, ‘त्याने’ आहे. पसायदानात ‘देवें … तोषावें’ आहे ते याच कारणाने. आणि ‘पाहिजे’ उद्धट, ‘हवं’ सभ्य असं शिकवणाऱ्यांना सांगा, ‘मला पाणी पाहिजे’ याचा मूळ अर्थ ‘माझ्यासाठी पाणी शोधलं जातंय’. याहून आडून मागायचं म्हणजे किती आडून?

तर पुतणीचा अर्धा गुण परत दिला पाहिजे. हे बाईंना इंग्रजीत कळवायचं असेल तर ‘शुड इमीजिएटली बी रिटर्न्ड’ की ‘शुड बी इमीजिएटली रिटर्न्ड’, ते त्यांनाच ठरवू द्या.