पाठ बघायची तर आधी डोकं बघ

प्रिय डॉक्टर,

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी सेंटर टाकलंस, छान केलंस. एक सवय मात्र आत्ताच लावून घे. अॅनॉमली स्कॅनमध्ये (पोटातल्या बाळातली व्यंगं शोधणाऱ्या सोनोग्राफीत) मणक्यावर जाण्याआधी बाळाच्या डोक्याचा मागचा भाग निवांत बघ.

पाठीवर उघडा दोष (मणका नीट न मिटलेला, म्हणजे स्पायना बिफिडा) असला की तिथून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी झिरपतं आणि लहान मेंदू खाली मानेकडे ओढला जातो. तो केळ्यासारखा वाकतो, त्याच्या मागची सिस्टर्ना मॅग्ना, म्हणजे पाण्याची पोकळी, बुजते. कपाळाची हाडं आत दबून कवटी लिंबासारखी होते (टोकदार विलायती लिंबू, आपलं सरबताचं नव्हे). निकोलायडिस आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही लक्षणं मांडली. लिंबावर फार विसंबू नकोस. ते काही निरोगी बाळांतही दिसतं आणि 24 आठवड्यांनंतर बहुधा नाहीसं होतं. माझा भरवसा केळ्यावर. अर्थात त्वचेनं झाकलेल्या दोषात डोकं नॉर्मलच असतं, तेव्हा मणका बघण्यातून सुटका नाही.

प्रोब मागे फार झुकवलास तर सिस्टर्ना मॅग्ना उगाच मोठी भरते. 10 मिमीच्या वर आकडा आला की आधी स्वतःच्या मनगटावर संशय घे. व्हेंट्रिकल (मेंदूच्या आतली पाण्याची पोकळी) प्रोबपासून लांबच्या बाजूचं मोज, जवळचं कवटीच्या सावलीत धूसर असतं. तिथेही मर्यादा 10 मिमीचीच.

बाळ पाठ टेकवून पडलं असेल तर बाईंना जरा फिरून यायला सांग. तरीही दिसलं नाही तर रिपोर्टात 'मणका पूर्ण दिसला नाही' असं सरळ लिही. बाहेर गर्दी आहे म्हणून 'नॉर्मल' लिहिणारे मी पाहिलेत, मला त्यांचा राग येतो.

दोष सापडलाच तर सासूबाईंना नाही, आधी बाळाच्या आईला सांग, जेल पुसून ती उठून बसल्यावर. आणि त्याच दिवशी पुढे पाठव. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठी गर्भपात करायचा तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, आणि आपल्याकडच्या बायका मुळातच उशिरा येतात.

पुढच्या खेपेचंही तेव्हाच बोल. आधीच्या बाळात असा दोष असेल तर जास्त डोसच्या फॉलिक अॅसिडनं तो पुन्हा होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, हे 1991 च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. पण गोळी दिवस राहण्याआधीच सुरू हवी. गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बाळाच्या मेंदू-मणक्याची नलिका मिटते (ती न मिटली की हा दोष राहतो), तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचंही नीट उमगलेलं नसतं.

तुझा,
सर