पारा उतरला, म्हणून होडी ओढू नका

मे संपत आला की वायुदाबमापकाबद्दलची, म्हणजे हवेचा दाब पाऱ्याच्या नळीने मोजणाऱ्या यंत्राबद्दलची पत्रं वाढतात, शंका मात्र त्याच. ही चार त्यातलीच.

प्रश्न : नळीच्या वरच्या टोकात हवाच नाही, मग पाऱ्याला धरतं कोण? (वेंगुर्ले)

बाहेरची हवा. खालच्या उघड्या भांड्यातल्या पाऱ्यावर तिचा भार पडतो आणि नळीतला पारा त्याला तोलतो; समुद्रसपाटीला सरासरी 760 मिलिमीटर. पाणी वापरलं असतं तर दहा मीटरांहून उंच नळी लागली असती, माडाला टेकवून ठेवायची.

प्रश्न : जाड नळीत पारा कमी चढतो का? (मालगुंड)

नाही.

प्रश्न : सकाळी दहाला 757, दुपारी चारला 755. ग्रुपवर 'पारा पडला, होड्या वर घ्या' फिरतंय. घ्याव्यात का? (हर्णै)

हे 'पारा पडला' ऐकून माझे कान किटले. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. दोन मिलिमीटरचा उतार म्हणजे नेहमीची दुपार. ताडायचंच तर कालच्या चारशी आजचे चार ताडा. शिवाय 30 अंशांच्या उकाड्यात पारा फुगतो, आकडा साडेतीन मिलिमीटरच्या वर जास्त दिसतो. ती दुरुस्ती करता का? घर टेकडीवर असेल तर दर आठ मीटरला साधारण एक मिलिबार, म्हणजे पाऊण मिलिमीटर पारा कमी, तोही हिशेब आहे.

आता उलट बाजू. पारा शांत आहे म्हणून समुद्रात जाणं त्याहून वाईट. तो फक्त तुमच्या अंगणातलं सांगतो. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं; तसं वादळ जवळ आलं की पारा भराभर उतरतो खरा, पण तेव्हा होडी बंदरात आणायला वेळ उरत नाही. तेव्हा हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा बावटा बघा, शंका असेल तर बंदर कार्यालयात विचारा. पाऱ्याची वाट बघू नका.

प्रश्न : 'अँटिक पाऱ्याचं' म्हणून गोल तबकडीचं यंत्र घेतलं. जुलैच्या मुसळधार पावसातही काटा 'बदल' आणि 'स्वच्छ' यांच्या मध्येच. बिघडलंय का? (रत्नागिरी)

बहुधा नाही, फसवलंय विकणाऱ्याने. अशा यंत्रांत बहुतेक वेळा पारा नसतोच, आतून हवा काढलेली धातूची डबी असते. तबकडीवरचे शब्द विलायतेच्या हवेचे, आपल्या पावसाळ्याला ते लागू नाहीत. तरी पाठ स्वतः उघडू नका. काही जुन्या तबकड्यांमागे पाऱ्याची नळी असते, आणि सांडलेल्या पाऱ्याची वाफ ना दिसते, ना वास येतो. आधी उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. सांडलाच, तर झाडू लावू नका, मोरीत ओतू नका. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, आठवड्याने नव्हे.