गिअर बदलायच्या आधी जाळी काढा

बॉनेट उघडा : वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच भागावर आली आहेत, व्हीव्हीटीवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागंपुढं करणाऱ्या यंत्रणेवर. नाशिकच्या रस्त्यांवर १२०० सीसीच्या पेट्रोल-सीएनजी छोट्या पिकअप वाढल्या, तसा वडाळा नाक्याला माझ्या शटरसमोर हा शब्द रोज ऐकू यायला लागला. कुणी 'बीबीटी' म्हणतं, कुणी 'व्हीटी गिअर'. एका बाबांनी 'व्हीआयपी गिअर' मागितला. किंमत ऐकल्यावर म्हणाले, "मग नाव बरोबरच आहे की."

प्रश्न : राम राम मिस्त्री. माझी सीएनजी पिकअप ७८ हजार किलोमीटर चालली आहे. गिरणाऱ्याहून टोमॅटोचे कॅरेट भरून रात्री वाशीला जातो. महिना झाला, परतीचं भाडं घेऊन कसारा घाट चढताना गाडीला दमच नाही. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, एखाद्या वेळी बंद पडते. चेकचा दिवा लागतो. बॅटरीची वायर काढून लावली की दोन दिवस विझतो आणि पुन्हा येतो. एका ठिकाणी स्कॅनर लावला, पी००११ हा बिघाडाचा कोड आला. व्हीव्हीटी गिअर, चेन, मजुरी धरून २८ हजार सांगितले. टोमॅटोचे भाव तुम्हाला माहीतच आहेत. बदलू का? ऑईल अजून मधासारखं स्वच्छ आहे. मध्यंतरी कमी झालं होतं, तेव्हा घरच्या ट्रॅक्टरच्या कॅनमधलं लिटरभर टाकलं.
– एक शेतकरी, गिरणारे

उत्तर : राम राम भाऊ. पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं बोट तिथंच थांबलं. २८ हजार सध्या खिशात राहू द्या.

कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला जो गिअर असतो, तो आतून पोकळ असतो. बाहेरची दातेरी कड चेनबरोबर फिरते. आतला पाकळ्यांचा रोटर कॅमला बोल्टनं आवळलेला असतो. दोन्हींच्या मध्ये ऑईलचे कप्पे. ज्या बाजूच्या कप्प्यात ऑईल ढकललं, त्या बाजूला रोटर थोडा सरकतो आणि त्याच्याबरोबर कॅम. म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतात किंवा उशिरा. चढावर ओझं असताना वेगळी जागा, सिग्नलला उभं असताना वेगळी. कुठल्या कप्प्यात किती ऑईल सोडायचं, हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एका सोलेनॉइडला सांगतो. त्याला आम्ही ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतो. दिसायला जाड बोटाएवढा, आत एक दांडी पुढंमागं सरकते. एवढा सगळा कारभार ऑईलच्या दाबावर चालतो, तिथं दुसरं बळ नाही.

पी००११ चा अर्थ एवढाच की इनटेक कॅम, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा कॅम, सांगितल्यापेक्षा पुढं राहिलाय, मागं यायला हवा तेव्हा येत नाही. तो का येत नाही, हे स्कॅनरला कळत नाही. सिग्नलला थरथर होते ती याच्यामुळंच. आयडलला इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले, की जळालेला धूर आत मिसळतो आणि इंजिन अडखळतं.

आता तुमचं ऑईल. या नव्या लहान इंजिनांना पुस्तकात बहुधा ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑईल लिहिलेलं असतं. ट्रॅक्टरच्या कॅनवर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असेल, घरी गेल्यावर बघा. सोलेनॉइडच्या बारीक वाटांमधून ते जाड ऑईल वेळेत सरकत नाही. आणि 'मधासारखं स्वच्छ' या शब्दांनी तर सीएनजीच्या कितीतरी गाड्या फसवल्यात. सीएनजी जळताना काजळी फार कमी धरते, म्हणून ऑईल काळं पडत नाही. पण उष्णतेनं ते जुनं होतंच, घट्ट होतं, आतून चिकट थर धरायला लागतं. रंग बघून ऑईल बदलायची सवय डिझेलच्या जमान्यातली. सीएनजीला किलोमीटर मोजा.

तर आधी ऑईल आणि फिल्टर बदला, पुस्तकातल्याच नंबरचं. फ्लशिंगसाठी कुणी डिझेल किंवा रॉकेल टाकतो म्हणाला तर हात जोडा आणि गाडी बाहेर काढा. सुटलेला गाळ बाहेर येण्याआधी जाळीत जाऊन बसतो.

मग सोलेनॉइड काढायला सांगा. बहुतेक गाड्यांत तो वरच असतो, एक कनेक्टर आणि १० नंबरचा एक बोल्ट. गार इंजिनावर १५ मिनिटांचं काम. त्याच्या अंगावर किंवा ऑईलच्या वाटेत बारीक जाळी असते, ती उजेडात धरा. पलीकडचा बल्ब दिसला पाहिजे. कार्ब क्लीनरनं धुवा, ब्रशनं घासू नका. मीटर लावला तर थंड असताना बऱ्याच गाड्यांत ७ ओहमच्या आसपास दाखवतो. नंतर बॅटरीच्या १२ व्होल्टला क्षणभर टेकवा. टक् आवाज होऊन दांडी सरकली पाहिजे आणि काढताच मागं आली पाहिजे. अर्धवट अडकत असेल, तर नवा घ्या. पूर्ण गिअरच्या मानानं तो फार स्वस्त पडतो. बसवताना ओ-रिंग नवी, तिला ऑईलचं बोट.

ही जाळी मला एकदा चांगलीच शिकवून गेली. टायमिंग कव्हरमधून ऑईल गळतं म्हणून अशीच एक गाडी आली होती. कव्हर काढलं, साफ केलं, लाल सिलिकॉन लावून बसवलं. गळती थांबली. चार महिन्यांनी तीच गाडी पी००११ घेऊन परत आली. मी मोठ्या रुबाबात गिअर बदलला. दोन दिवस काम चाललं, गिऱ्हाईक रोज फोन करून विचारायचं. गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत गेली आणि दिवा पुन्हा लागला. रात्री ९ वाजता सोलेनॉइड काढला, तर जाळीत एक लाल धागा गुंडाळून बसलेला, शेवयासारखा. नखानं ओढला, बोटभर लांब निघाला. ते सिलिकॉन माझ्याच हातचं होतं. कव्हर आवळताना जास्तीचं आत दाबलं गेलं आणि वाळून सुटलं. गिअरचे पैसे मी परत दिले. तो काढलेला गिअर अजून फळीवर आहे, चांगला आहे. पोरं कामाला नवी आली की आधी तोच हातात देतो.

तुमचं ऑईल बदलून, सोलेनॉइड धुऊन झाल्यावर कोड पुसा आणि स्कॅनरवर चालू गाडीत दोन आकडे बघा : ईसीएमनं मागितलेला कॅमचा कोन आणि प्रत्यक्ष मिळालेला. रेस दिली की दोन्ही बरोबर पळायला हवेत, सोडली की बरोबर खाली. हजारेक किलोमीटरनं ऑईल आणखी एकदा बदला, आतला बराचसा चिकटा निघून येईल. एवढं करूनही प्रत्यक्षातला आकडा मागं रेंगाळत असेल, तर गेज लावून ऑईलचा दाब तपासा. दाबही ठीक निघाला, मग गिअरकडं वळा. बॅटरीची वायर काढून दिवा विझवणं मात्र बंद करा. पुरावा पुसला जातो.

प्रश्न : दादा, नमस्कार. आमची दुधाची पिकअप आहे. गाडी मिस्टर चालवतात, हिशेब मी बघते. १ लाख ४० हजार किलोमीटर झाले. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे ४ ला चालू केली की दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज येतो आणि जातो. दिवसभर काही नाही. गॅरेजवाले म्हणतात फक्त व्हीव्हीटी गिअर टाकू, दीर म्हणतात चेनसकट सगळं काढा. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, निफाड

उत्तर : ताई, आवाजाचं वर्णन तुम्ही माझ्या पोरांपेक्षा नीट केलंत. या आवाजाचं मूळ बहुतेक वेळा गिअरच्या आतल्या लॉकपिनमध्ये असतं. इंजिन बंद होताना रोटर ठरलेल्या जागी येतो आणि एक छोटी पिन त्याला अडकवून ठेवते. पहाटे सुरू करताना कप्पे रिकामे असतात, तेव्हा रोटरला धरून ठेवणारी ती एकटीच. तिचं भोक झिजलं, की ऑईल वर पोचेपर्यंत रोटर आत आपटत राहतो. दाब आला की गप्प.

पण थांबा, आधी ऑईल फिल्टर बघा. चांगल्या फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते, ती रात्रभर ऑईल खाली उतरू देत नाही. डुप्लिकेट फिल्टरमध्ये ती कडक झालेली असते. मूळ फिल्टर टाकून चार पहाटा ऐका. तेवढ्यानं आवाज गेला, तर मला दुधाचा चहा लागू.

नाही गेला, तर दिरांचं ऐका. गिअरपर्यंत पोचायला क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर सगळं उतरावं लागतं. खर्च त्या मजुरीचा आहे. १ लाख ४० हजारांची चेन थोडी लांबलेलीच असणार, प्लास्टिकच्या गाईडवर खाचा पडलेल्या असणार. नवा गिअर जुन्या चेनला लावला, तर वर्षात पुन्हा तीच मजुरी. इंजिन डबल व्हीव्हीटीचं असेल, तर इनटेकचा आणि एक्झॉस्टचा गिअर वेगवेगळा असतो. आवाज कुठल्या बाजूचा, ते मिस्त्रीला लांब स्क्रूड्रायव्हर कव्हरवर टेकवून, मूठ कानाला लावून ऐकू द्या. दोन्ही बदलायलाच हवेत असं नाही.

काम चालू असताना एकदा चक्कर मारा. चेन उतरायच्या आधी एक नंबरचा पिस्टन वर आणून खुणा जुळवल्यात का, हे विचारा. गिअरचा फक्त मधला बोल्ट सोडायचा असतो. कडेचे छोटे बोल्ट सोडले, की गिअर उघडतो आणि संपला. मधला बोल्ट सोडताना कॅमवर जो षटकोनी भाग असतो, तिथं पाना लावून धरतात. चेनवर जोर घेऊन सोडत असतील, तर तिथंच बोला. आवळताना टॉर्क पाना हवा, 'माझ्या हाताला अंदाज आहे' हे इथं चालत नाही. बोल्ट एकदाच वापरायचा असं कंपनीनं सांगितलं असेल, तर बिलात नवा बोल्ट दिसला पाहिजे.

चेन बसल्यावर पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. इथं नवी पोरं घाबरतात, कारण चेनच्या रंगीत कड्या आता खुणांसमोर नसतात. त्या नसणारच, चेनच्या कड्यांची संख्या आणि गिअरचे दात वेगळे. गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे झालं. खालचं ऑईलचं चेंबर उतरवलं असेल, तर ऑईल पंपाची जाळी धुऊन घ्या. सिलिकॉनची रेघ बारीक. का, ते वर गिरणाऱ्याच्या भाऊंना सांगून झालंय.

आवाज आहे म्हणून दूध बंद ठेवू नका, दोन-तीन सेकंदांच्या खडखडाटानं गाडी उद्या बसत नाही. पण तो रेस दिल्यावरही यायला लागला, किंवा पी००१६ आला, तर चेनच लांबून कॅम-क्रँकचा मेळ सुटतोय. मग गाडी उभी करा. चेन दात सोडून उडाली, तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात.

प्रश्न : माझ्या डिझेल पिकअपचाही पिकअप गेलाय. व्हीव्हीटी तपासून घेऊ का?
– एक चालक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये व्हीव्हीटी नसतोच, त्यामुळं तपासायला कुणी पैसे घेतले, तर मला नक्की कळवा. तुम्ही एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे रबरी पाइप आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) या क्रमानं बघा. पाइप क्लॅम्पपाशी चिरलेला असतो, वरून दिसत नाही, बोट फिरवा.

प्रश्न : मिस्त्री, अंबड लिंक रोडच्या बाजूला एक जण जुन्या इंजिनातला व्हीव्हीटी गिअर निम्म्याहून कमी पैशात देतोय. घेऊ का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : मी घेणार नाही. आत पाकळ्यांच्या कडेची सील किती झिजलीत, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. तरी घ्यायचाच असेल, तर दुकानातच हातात धरा. एका हातात दातेरी कड, दुसऱ्या हातात आतला रोटर, आणि पिळून बघा. लॉक बसलेला असेल तर तसूभरही हलता कामा नये. टकटक खेळत असेल, तर ते निफाडच्या ताईंचे फुटाणे. लॉक सुटलेला असेल, तर रोटर शेवटपर्यंत एकसारखा फिरून पिनवर बसला पाहिजे, मध्ये कुठं खरखर नको. दातांची टोकं बघा, एका बाजूनं चाकूसारखी धारदार झाली असतील तर ठेवून द्या. आणि तो मधला बोल्ट फुकट देतो म्हणाला, तरी घेऊ नका.