प्रेडिक्टेड ग्रेड एएबी आहेत, यूकेत मेडिकलला अप्लाय करायचं का आणि त्यासाठी आत्ताच शिफ्ट व्हायचं का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लेक पुण्यात केंब्रिज बोर्डाच्या ए-लेव्हलच्या (म्हणजे अकरावी-बारावीसारख्या दोन वर्षांच्या) पहिल्या वर्षाला आहे, प्रेडिक्टेड ग्रेड म्हणजे अंतिम परीक्षेत काय येईल याचा शाळेचा अंदाज, त्यात बायो आणि मॅथ्समध्ये ए येईल पण केमिस्ट्रीत बी देऊ असं शाळा म्हणतेय, मिस्टरांना लेस्टरला जॉब मिळतोय, आणि आत्ताच सगळे इकडे आलो तर तिला मेडिकल सोपं जाईल का असं तुम्ही विचारताय. माझा मुलगा इथे यूकेत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे सगळं घरात जवळून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं स्पष्ट मत, तिच्या अ‍ॅडमिशनसाठी म्हणून घाईने शिफ्ट होऊ नका. इथल्या सरकारी शाळांमध्ये एक्यूए, ओसीआर असे बोर्ड असतात, केंब्रिज इंटरनॅशनलचा सिलॅबस वेगळा, म्हणजे मधेच आली तर अर्धा पोर्शन पुन्हा नव्याने करायचा. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे प्रेडिक्टेड ग्रेड आणि रेफरन्स (शिफारसपत्र) दोन्ही शाळाच देते, मेडिकलच्या फॉर्मची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते, सप्टेंबरात आलेल्या मुलीला नवीन शाळेने महिनाभरात ओळखायचं कसं? अशा वेळी शिक्षक हात राखूनच ग्रेड देतात, त्यांचाही दोष नाही. जे शिक्षक तिला दोन वर्षं ओळखतात त्यांनीच लिहिलेलं बरं.

बरेच जण समजतात की इथे राहायला आलो की फी कमी होते. तसं नाहीये. इंग्लंडमध्ये होम फी (इथल्या मुलांना लागणारी कमी फी) साठी साधारणपणे सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, आणि आधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं, नुसत्या वर्क व्हिसाच्या डिपेंडंटला ओव्हरसीज फीच लागते. होम फी २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंड होती आणि ओव्हरसीज मेडिकलची बऱ्याच ठिकाणी ४० हजार पौंडांच्या वर, आणि हे पाच-सहा वर्षं. वर इंग्लंडमध्ये परदेशी मुलांसाठी मेडिकलच्या जागा साधारण साडेसात टक्केच ठेवलेल्या आहेत. हे आकडे दोघांनी बसून आधी बघा, ग्रेडचं नंतर. व्हिसाचं एक मात्र लक्षात ठेवा, १८ पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा डिपेंडंट म्हणून येता येत नाही, मग तिला स्टुडंट व्हिसावर यावं लागेल. फी दोन्हीकडे तीच असल्यामुळे मला तरी त्यात फार नुकसान दिसत नाही.

आता एएबी चं. बहुतेक मेडिकल स्कूलची ऑफर एएए ची असते, ऑक्सफर्ड केंब्रिजची त्याहून वर. पण प्रेडिक्टेड ग्रेड हा बहुतेक ठिकाणी फक्त उंबरठा असतो, तो ओलांडला की पुढे यूकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, दहावीचे मार्क आणि मग इंटरव्ह्यू यावर ठरतं. म्हणजे एएए आणि ए स्टार ए स्टार ए (ए स्टार हा ए च्या वरचा ग्रेड) यात पुष्कळ ठिकाणी फरकच पडत नाही पण एएए आणि एएबी यात फॉर्म आत की बाहेर हा फरक पडतो. एएबी घेऊन मेडिकलचे चारही चॉइस एएए वाल्यांकडे पाठवले तर चारही वाया जायची शक्यता खूप आहे. कमी ग्रेडवर कॉन्टेक्स्टुअल ऑफर असतात त्या इथल्या ठराविक परिस्थितीतल्या मुलांसाठी असतात, त्यावर अवलंबून राहू नका.

म्हणून आत्ताच, उन्हाळ्याच्या परीक्षेआधी, केमिस्ट्रीच्या सरांना भेटा आणि सरळ विचारा की ए द्यायला तुम्हाला काय दिसायला हवं? एएस (ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाची परीक्षा) देणार असेल तर त्याचा निकाल ऑगस्टमध्ये येतो, फॉर्मच्या आधी, त्यासारखा पुरावा नाही. नुसती विनवणी करून ग्रेड वाढवून घेऊ नका, मनापासून सांगते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गिल वायनेस यांनी २०१६ मध्ये अभ्यास केला होता, त्यात जेमतेम १६ टक्के मुलांचं प्रेडिक्शन बरोबर निघालं आणि ७५ टक्के मुलांना प्रत्यक्षापेक्षा जास्त ग्रेड सांगितले गेले होते. ऑफर कंडिशनल असते, पेपरात बी आला तर ऑगस्टमध्ये ती हातातून जाते आणि तेव्हा पोरीचं जे होतं ते बघवत नाही.

यूकॅट जुलै ते सप्टेंबर असते, एका सीझनमध्ये एकदाच देता येते, स्कोअर त्याच दिवशी कळतो. २०२५ पासून अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग काढलंय, आता एकूण २७०० पैकी, त्या वर्षी सरासरी १८९० च्या आसपास होती. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला देऊन टाका म्हणजे स्कोअर हातात घेऊन कॉलेजं निवडता येतील. चांगला आला तर यूकॅटला जास्त वजन देणारी निवडा, साधारण आला तर दहावीचे मार्क बघणारी. निकष दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या युनिव्हर्सिटीच्या साइटवरचंच धरा, एजंटचं नाही. मेडिकलला चारच चॉइस देता येतात, पाचवा दुसऱ्या विषयाचा. पाचव्यात बायोमेडिकल टाकतात बरेच जण, पण तिथून नंतर मेडिकलला जाऊ या भरवशावर नको, ती वाट फार अरुंद आहे. तिला तो विषय खरंच आवडत असेल तरच टाका.

आणि ऑगस्टमध्ये एएस ला बी च आला, सरही ए द्यायला तयार नसले तर? मग यंदा फॉर्म भरू नका असं मी म्हणेन. वर्षभर नुसती केमिस्ट्री धरू दे, पेपर देऊ दे, एएए आले तर पुढच्या ऑक्टोबरात खऱ्या मार्कांवर अप्लाय करू दे, मग प्रेडिक्शनचा प्रश्नच उरत नाही. यूकॅट मात्र पुन्हा द्यावी लागेल. पहिल्याच बैठकीत मार्क यायला हवेत, कारण रीसिट सगळीकडे चालत नाही. गॅप इयरला आपल्याकडे नातेवाईक नाकं मुरडतात, मुरडू देत, इथे कोणी विचारत नाही. त्या वर्षात एखाद्या वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यात नियमित मदत केली तर इंटरव्ह्यूला बोलायला खरं काहीतरी असतं.

अजून एक, पासपोर्ट भारतीय आहे आणि कधीतरी परत येऊन प्रॅक्टिस करायची शक्यता थोडीशी जरी असेल तरी परदेशात मेडिकलला जाण्याआधी NEET ही भारतातली मेडिकलची प्रवेश परीक्षा क्वालिफाय केलेली लागते. निकाल तीन वर्षं चालतो, गॅप इयर घेतलंच तर त्यात देऊन ठेवता येईल.

मिस्टरांना जॉब घ्यायचा असेल तर खुशाल घेऊ देत, ते आधी येऊन घर बघतील, तुम्ही दोघी परीक्षा होईपर्यंत पुण्यात थांबा. दहावीचे मार्क किती होते आणि शाळेत एएस देतात का तेवढं कळवा, म्हणजे कुठली चार बघायची ते सांगता येईल.