जुनी साडी कामात घेताना
मिश्रमाध्यमात, म्हणजे कापड, कागद, मणी असं एकत्र वापरणाऱ्या कलेत उतरायचं म्हणतेस, तर आधी सुचित्रा मट्टाई या कलाकार बाईंची कामं निवांत बघ. जन्म १९७३, दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशातल्या जॉर्जटाऊनचा. १८३८ पासून तिथल्या ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेल्या, भारतीय मजुरांचा कॅरिबियन वारसा मट्टाई भिंतभर उभा करतात, तोही बायकांनी नेसलेल्या जुन्या साड्या विणून. मला त्यातली माया फार भिडते.

तुझ्याकडे आजीचं लुगडं असेल, तर ते नवं दिसावं म्हणून धडपडू नकोस. काठावरचा हळदीचा डाग, निऱ्यांच्या घडीवर विरलेलं सूत, तेच जप. कागदावर फेविकॉल थापशील तर कागद वळेल. माझे दोन तुकडे असेच वाया गेले. त्यापेक्षा जाड कापडावर गोधडीसारखा धावदोरा घाल. मणी, घुंगरं अगदी शेवटी, तीही मोजकीच.