नियंत्रित गट: नियंत्रण नेमकं कशावर?

नांदेडला मानसशास्त्रात एमए करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की प्रयोगातल्या कंट्रोल ग्रुपला पुस्तकात नियंत्रित गट म्हणलेलं असतं, पण त्या गटावर तर आपण काहीच करत नाही, मग नियंत्रित कसा? आणि ज्याच्यावर प्रयोग केला तो काय अनियंत्रित?

ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि घोळ शब्दातच आहे. कंट्रोल म्हणलं की आपल्याला ताबा, लगाम आठवतो. पण हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागं लॅटिन कॉन्ट्रारोटुलस, म्हणजे हिशेबाच्या गुंडाळीसमोर ठेवायची दुसरी गुंडाळी. एकानं लिहिलेला हिशेब दुसऱ्या नोंदीशी ताडून बघायचा, हे कंट्रोल. ताबा हा अर्थ नंतरचा. आता आपल्याकडं याला काय म्हणतात? ताळा! शाळेत वजाबाकी केली की बेरीज करून ताळा बघायचो, लातूरच्या आडतीवर मापाड्याची नोंद आणि मुनीमाची वही जुळते का बघतात तो पण ताळाच. पडताळा शब्दात तर तो बसलेलाच आहे. म्हणून माझ्या मते खरा शब्द पडताळा गट व्हायला पाहिजे होता.

काहीजण तुलना गट म्हणतात, पण ते पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ बंडुराचा १९६१ चा बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुलीचा प्रयोग घ्या. ७२ लेकरं होती. २४ लेकरांनी मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना बघितलं, २४ जणांनी शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळणारं माणूस बघितलं, आणि उरलेल्या २४ जणांना असं कोणीच दाखवलं नाही. तुलना तर तिन्ही गटांची झाली, पण कंट्रोल फक्त शेवटचा, कारण काहीच न बघता लेकरं मुळात किती मारामारी करतात हे तिथंच कळतं, आणि त्याच्याशी बाकीच्यांचा ताळा लावायचा.

आता खरं नियंत्रण असतं ते बाह्य चलांवर, म्हणजे निकालात ढवळाढवळ करू शकणाऱ्या बाकीच्या गोष्टींवर, आणि ते सगळ्याच गटांवर सारखं असतं. याच प्रयोगात कोणतं लेकरू आधीपासूनच किती मारकुटं आहे हे बघून सारख्या लेकरांची तिघा-तिघांची त्रिकुटं केली आणि त्यातलं एकेक एकेका गटात टाकलं होतं, म्हणजे सगळी भांडखोर लेकरं एकाच गटात जमायला नकोत. तेव्हा प्रायोगिक गट अनियंत्रित अजिबात नसतो.

कोरा गट हे नाव कसं वाटतं असंही ताईंनी विचारलंय. शब्द गोड आहे, पण आमच्या शेतातलंच सांगतो. सोयाबीनवर नवीन औषध फवारलं तेव्हा दादांनी चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, कोरी सोडली होती, बाकीचं रान हिरवंगार दिसायलं तर शेजारचे काका म्हणले, पावसानं ताण दिलाय, औषधाचं काय घेऊन बसलास, नुसत्या पाण्यानं पण पीक तरारलं असंल. पुढच्या वर्षी दादांनी पंप धुऊन त्या चार तासांवर तेवढंच साधं पाणी मारलं. आता ती तासं कोरी राहिली नाहीत ना, पण ताळा मात्र आधीपेक्षा पक्का झाला. मानसशास्त्रात आणि औषधांच्या चाचणीत बिनऔषधाची गोळी देतात ती याच्यासाठीच. म्हणून कोरा शब्द काहीच न दिलेल्या गटापुरता ठीक.

परीक्षेत तुम्ही नियंत्रित गटच लिहा, सगळीकडं तोच रुळलाय, उगं मार्क कशाला घालवायचे. प्रबंधात मात्र पहिल्यांदा शब्द आला की 'नियंत्रित गट, म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेला गट' असं एकदा लिहा आणि त्या गटाला नेमकं काय दिलं, काहीच नाही का साधं पाणी, ते पण तिथंच सांगून टाका.